शहराचा धूर, शिवाराचे पीक

१९७३ च्या पावसाळ्यात पुण्याहून एक डाकोटा विमान निघे आणि शहर मागे टाकून पूर्वेला, बारामतीच्या बाजूच्या पर्जन्यछायेत जाई. समोर ढग आला की ते वळसा घालत नसे, थेट ढगात शिरे. तिथे बारीक दळलेले मीठ सोडले जाई. दमट हवेत मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात थोडे शंखजिरे मिसळलेले असे. आदल्याच वर्षी महाराष्ट्राने ७२ चा दुष्काळ सोसला होता. माणसांनी खडी फोडून दिवस काढले होते. ढगातून चार सरी जास्त पाडता येतात का, हे पाहणे तेव्हा निकडीचे होते.

हा प्रयोग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा, म्हणजे आयआयटीएमचा. १९७३, १९७४, १९७६ आणि पुढे १९७९ ते १९८६ असे एकूण ११ पावसाळे तो चालला. पुण्याच्या पूर्वेचा ४,८०० चौरस किलोमीटरचा टापू उत्तर, दक्षिण आणि मधला मोकळा पट्टा असा तीन भागांत वाटलेला. कोणत्या दिवशी कोणत्या भागात मीठ टाकायचे हे आधीच चिठ्ठ्या काढल्यासारखे ठरलेले, म्हणजे कुणाच्या मनातली आशा निकालात मिसळायला नको. अखेर मीठ टाकलेल्या भागात सुमारे २४ टक्के जास्त पाऊस झाल्याचे गणित निघाले. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण माझ्या दृष्टीने त्या वर्षांचे मोठे काम दुसरेच आहे आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. ढगात जायची सोय झाल्यामुळे या शास्त्रज्ञांनी ढगातले पाणी बाटलीत धरले आणि ते आंबट आहे का, हे तपासले.

हा प्रश्न त्या काळात जगभर पेटलेला होता. मँचेस्टरच्या रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्येच गिरणीशहरांच्या आम्ल पावसावर ग्रंथ लिहिला होता, पण तो पाऊणशे-शंभर वर्षे धूळ खात पडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी दाखवून दिले की इंग्लंड-जर्मनीच्या धुराड्यांतला गंधक वाऱ्याबरोबर त्यांच्या देशावर येतो, पावसातून उतरतो आणि तळ्यांतले मासे मारतो. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत हा विषय जगासमोर आला. त्याच सुमारास आपल्याकडे कोळशावरची वीजकेंद्रे एकामागून एक उभी राहत होती. मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे ताजमहालाचा संगमरवर झिजेल का, यावर वाद झडत होते. भारताचा पाऊसही युरोपच्या वाटेने चालला आहे का, हे कुणीतरी मोजून सांगायला हवे होते.

ते एल. टी. खेमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले. खेमानी यांनी भ. वि. रमण मूर्तींबरोबर दिल्लीच्या पावसाचे रासायनिक पृथक्करण केले होते आणि ते १९६८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुण्यात जी. ए. मोमीन, एम. एस. नाईक, पी. एस. प्रकाश राव, पी. डी. सफई अशी मंडळी त्यांच्यासोबत आली. काम दिसायला अगदी साधे. स्वच्छ धुतलेले नरसाळे आणि बाटली उघड्यावर ठेवायची, पाऊस पडला की पाणी गोळा करायचे, आणि प्रयोगशाळेत त्यातले सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, अमोनियम, कॅल्शियम, सोडियम मोजायचे. पण हे वर्षानुवर्षे, एकही पाऊस न चुकवता करायचे म्हणजे चिकाटीची कसोटीच. त्यासाठी त्यांनी सिंहगडावरही पावसाचे नमुने धरले. शहराचा पाऊस आणि डोंगराचा पाऊस यांची तुलना केल्याशिवाय शहराने पावसात काय मिसळले ते कळत नाही.

पाण्याचा आंबटपणा सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. सात हा मध्य, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली. जगातले सर्वांत शुद्ध पावसाचे पाणीसुद्धा सात भरत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड त्यात विरघळतो आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. त्याहून खाली गेला तर तिथे गंधकाम्ल किंवा नत्राम्ल मिसळले आहे असे समजावे. स्वीडनमध्ये तो चार-साडेचारपर्यंत उतरला होता.

पुण्याच्या ढगांचे आणि पावसाचे पाणी मोजले तर ते ५.६ च्या वर निघाले. आम्ल तर नव्हतेच, उलट पुष्कळदा अल्कलीकडे झुकलेले. धूर होता, गंधक होता, तरी आंबटपणा नव्हता. १९८७ मध्ये खेमानी व सहकाऱ्यांनी याचे कारण निबंधातून मांडले, आणि ते कारण आपल्या पायाखालचे होते. आपल्याकडे उन्हाळाभर जमीन तापते, भेगाळते, वाऱ्याने उडते. या मातीत कॅल्शियम कार्बोनेट असते. दख्खनच्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडे म्हणजे तेच. मातीचे हे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, ढगाच्या थेंबात शिरतात आणि आम्ल जागच्या जागी मारतात. पित्त झालेल्या माणसाने खाण्याचा सोडा घ्यावा, तसे. युरोपची ओली, हिरवळीने झाकलेली जमीन ही सोय देऊ शकत नाही.

दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, याच गटाने देशभरच्या नोंदी तपासून आम्ल पावसाचा पसारा भारतात किती आहे यावर लिहिले. तो मोठ्या कारखानदारी पट्ट्यांपुरता मर्यादित होता. मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेचा पाऊस आम्ल निघे आणि त्याच शहरात कुलाब्याचा निघत नसे.

चेंबूरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मोजमापाने धोरण हलल्याचे उदाहरण तिथे सापडते. पन्नाशीच्या दशकात ट्रॉम्बेला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, पुढे खतकारखाना आला. चेंबूरच्या लोकांनीच आपल्या वस्तीला ‘गॅस चेंबर’ असे नाव दिले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठी पाहणी हाती घेतली. हवेतल्या सल्फर डायॉक्साइडच्या प्रमाणानुसार निवडलेल्या शहरातल्या तीन वस्त्या, तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती, आणि चार हजारांवर माणसे. त्यांचा खोकला, दम, वारंवारची सर्दी यांच्या नोंदी तीन वर्षे घेतल्या गेल्या, आणि जास्त धुराच्या वस्तीत हे सगळे जास्त निघाले. आज हे उघड वाटेल, पण तेव्हा धूर म्हणजे रोजगार असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यांना उत्तर द्यायला आकडे लागत होते. १९८८ मध्ये टाटांच्या ट्रॉम्बे केंद्रात धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसली. देशात असे पहिल्यांदाच झाले. समुद्राचे पाणी थोडे अल्कली असते. पुण्याच्या आकाशात जे काम माती करत होती, ते ट्रॉम्बेला समुद्राने केले.

खेमानींच्या निष्कर्षाचा मात्र लोकांनी सोयीचा अर्थ लावला. ‘भारतात आम्ल पावसाचा धोका नाही’ एवढेच वाक्य पसरले. आम्ल मारले गेले म्हणजे नाहीसे झाले, असे नसते. गंधकाम्लाचे सल्फेट होते, नत्राम्लाचे नायट्रेट होते, आणि हे क्षार अतिसूक्ष्म कण होऊन हवेत राहतात. पावसाळ्यात ते धुतले जातात, पण उरलेले आठ महिने आपण ते श्वासातून आत घेतो. शिवाय सफई आणि सहकाऱ्यांनी १९८४ ते २००२ या काळातल्या पुण्याच्या पावसाचा हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की पाऊस अजून आम्ल झालेला नसला तरी त्याचा सामू खाली येतो आहे, आणि सल्फेट-नायट्रेट वाढत आहेत. त्या अठरा-एकोणीस वर्षांत पुण्यात किती दुचाकी आल्या, पिंपरी-चिंचवड आणि चाकणला किती कारखाने आले, ते पुणेकरांना सांगायला नको.

हे सगळे पुण्यातच का घडले? १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. एल. ए. रामदास यांनी इथेच जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास केला. स्वच्छ, शांत रात्री सर्वांत थंड हवा थेट जमिनीवर नसून थोडी वर असते, हे त्यांनी १९३२ मध्ये दाखवले तेव्हा जगाचा त्यावर चटकन विश्वास बसला नाही. के. आर. रामनाथन यांनी ओझोनच्या मोजमापाला भारतात पाया घालून दिला, आणि १९४८ मध्ये पुण्याला आलेल्या अण्णा मणी यांनी यंत्रे इथेच बनवायचा ध्यास घेतला. फुग्याबरोबर आकाशात जाऊन ओझोन मोजणारे भारतीय यंत्र साठच्या दशकात पुण्यात घडले. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानाची संस्था निघाली आणि १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली. गणेशखिंड रस्त्यावरच्या रामदुर्ग हाउसमध्ये बरीच वर्षे काढून ती पाषाणला गेली. हवा मोजणाऱ्या माणसांची तीन पिढ्यांची साखळी एकाच गावात क्वचित सापडते.

या साखळीतले ताजे काम ओझोनचे आहे, आणि ते थेट शेतकऱ्याच्या दारात येते.

वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवरचा ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. श्वासाच्या उंचीवरचा ओझोन मात्र विषारी आहे, आणि तो कोणत्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही. हे कोडे सुटले ते लॉस एंजलिसच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांमुळे. १९४० च्या दशकात तिथे पालक, लेट्यूस यांची पाने रुपेरी-तांबूस पडून वाळू लागली. लोकांनी आधी कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवले. कारखाना थांबला, तरी धुरके गेले नाही. कॅलटेक संस्थेत अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-श्मित यांनी शहराची हवा गोठवून तिचा अर्क तपासला. मोटारींच्या नळीतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेले इंधन यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिद्ध केले. प्रयोगशाळेत तशी हवा बनवून त्यांनी रोपांवर सोडली, तर पानांवर शेतातल्यासारखेच डाग उमटले. तेल कंपन्यांनी त्यांना कडाडून विरोध केला, पण पानांनी दिलेली साक्ष खोडता आली नाही.

या रसायनात एक खोच आहे. ऐन रहदारीच्या चौकात ओझोन पुष्कळदा कमी भरतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला लगेच खाऊन टाकतो. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेली, तिच्यावर चार-सहा तास कडक ऊन पडले, की ओझोन वाढतो. धूर शहर करते आणि ओझोन खेड्याच्या वाट्याला येतो. शहरात बसवलेले यंत्र शिवाराची गोष्ट सांगू शकत नाही ते यामुळे.

आयआयटीएमच्या डॉ. सचिन घुडे यांनी हा धागा उपग्रहापासून पकडला. जमिनीवर यंत्रे मोजकीच असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी युरोपीय उपग्रहांच्या नोंदींवरून भारतावरच्या नायट्रोजन डायॉक्साइडचा नकाशा मांडला. तो निबंध २००८ चा. औष्णिक वीजकेंद्रे आणि महानगरे त्यात डागासारखी उठून दिसली. पुढे घुडे, चिन्मय जेना, दिलीप चाटे, गुफरान बेग आणि परदेशी सहकारी यांनी संगणकाच्या प्रतिरूपातून देशभरचा ओझोन काढला आणि जिल्हावार पीकनोंदींशी जुळवला. हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे चाळीस भाग ही मर्यादा धरतात. त्यावरचा प्रत्येक भाग दिवसाउजेडी किती तास झाडाला लागला याची बेरीज करतात, कारण पानांची छिद्रे दिवसा उघडी असतात आणि ओझोन त्यांतून आत जाऊन पेशी जाळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा: देशाचे दरवर्षी सुमारे ३५ लाख टन गव्हाचे आणि २१ लाख टन भाताचे नुकसान, मुख्यत्वे मध्य आणि उत्तर भारतात. एवढ्या धान्यात दारिद्र्यरेषेखालच्या ९ कोटी ४० लाख माणसांचे पोट भरले असते. अन्नसुरक्षा कायदा नुकताच, २०१३ मध्ये, झाला होता. त्या कायद्याला दरवर्षी लागणाऱ्या धान्याच्या ९.२ टक्के धान्य असे हवेतच गेले होते.

दोन वर्षांनी याच पद्धतीने माणसांचा हिशेब निघाला. २०११ या एका वर्षात अतिसूक्ष्म कणांमुळे भारतात सुमारे ५ लाख ७० हजार अकाली मृत्यू, आणि ओझोनमुळे १२ हजार.

दरम्यान बेग यांच्या नेतृत्वाखाली ‘सफर’ ही हवेचे भाकीत सांगणारी यंत्रणा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत उभी राहिली, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. २०१५ च्या हिवाळ्यापासून घुडे दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास करू लागले आणि २०१८ मध्ये दिल्लीसाठी धुराची पूर्वसूचना देणारी व्यवस्था सुरू झाली. हे काम मोलाचे आहे. पण त्याची दिशा पाहा: दिल्ली, मुंबई, पुणे. पुण्यातली ‘सफर’ची केंद्रेसुद्धा शिवाजीनगर, पाषाण, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी, लोहगाव, आळंदी अशा शहरी भागांत आणि त्याच्या वेशीवर.

आळंदीवरून उत्तरेला निघालात की चाकण लागते, मग राजगुरुनगर, मग मंचर. मंचरला लागून, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, आंबेगाव तालुक्यातले अवसरी खुर्द. पुणे-नाशिक महामार्ग याच पट्ट्यातून जातो. डिंभे धरणाचे पाणी आल्यापासून घोड नदीच्या या खोऱ्यात बारमाही बागायत झाली. रब्बीचा कांदा, गहू, भाजीपाला, पुढे नारायणगावच्या बाजाराचा टोमॅटो. सह्याद्रीकडच्या भीमाशंकरच्या जंगलापासून चाकणच्या धुराड्यांपर्यंतचे सगळे या एका पट्ट्यात जवळजवळ नांदते.

इथे ओझोन किती आहे? भाकीत करायला हे सोपे ठिकाण नाही. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्व-ईशान्येचा, मार्चनंतर तो पश्चिम-वायव्येचा होतो, म्हणजे पुण्याचा धूर सरळ इकडे येईलच असे नाही. पण उन्हाळ्यात कल्याण-ठाण्याकडची हवा घाट चढून येऊ शकते, आणि चाकण तर शेजारीच. ऊन कडक, आकाश निरभ्र, आणि नेमका तोच काळ रब्बीचा कांदा पोसण्याचा. कांदा ओझोनला हळवा आहे हे अमेरिकेत १९६० च्या दशकातच दिसून आले होते. पातीची टोके पांढरी पडून जळतात. आपल्याकडे पात जळाली की शेतकरी करपा समजून बुरशीनाशक मारतो, आणि बहुतेक वेळा तो करपाच असतोही. पण ज्या वेळी तो करपा नसेल, त्या वेळी औषधाचे पैसे वाया जातात आणि खरा अपराधी हवेतच राहतो. घुडे यांच्या हिशेबात कापूस, सोयाबीन, भात आणि गहू होते, कांदा-टोमॅटो नव्हते. हे काम करायला पुढच्यांना जागा आहे.

आणि त्याला फार मोठा खर्च लागत नाही. इथिलीन डाययूरिया नावाचे एक रसायन झाडाला ओझोनच्या माऱ्यापासून वाचवते. बनारस हिंदू विद्यापीठात मधूलिका अगरवाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते वापरून गहू-मूग यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आहेत. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांपैकी एकाला ते द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि काढणीला दोन्हींचे वजन करायचे. जो फरक पडेल, तो ओझोनने खाल्लेला. सोबत एक ओझोनमापक आणि वाऱ्याची नोंद ठेवणारे यंत्र असले की पुरे.

अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदला ताऱ्यांच्या रेडिओलहरी टिपायला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, तेव्हा विज्ञानाची यंत्रे या शिवाराला नवखी नाहीत. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी, अवसरीच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी आणि नारायणगावच्या कृषितज्ज्ञांनी एकत्र बसून एका रब्बी हंगामापुरते दोन वाफे कांद्याचे आणि दोन टोमॅटोचे करावेत. महाविद्यालयाच्या गच्चीवर ओझोनमापक बसवावा, आणि जो आकडा येईल तो मंचरच्या बाजार समितीच्या फलकावर, कांद्याच्या भावाशेजारी लावावा.